शुद्ध आली म्हणजे भूल उतरली असे नव्हे

दाढ काढायची म्हटली की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुखेल का? दंतवैद्याच्या खुर्चीविषयीची सारी भीती या दोन शब्दांत सामावलेली असते आणि आजच्या भूलशास्त्राने त्या भीतीवर बऱ्याच अंशी मात केली आहे. दुसरा, तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उपचार आटोपल्यावर घरी केव्हा जायचे आणि कसे जायचे?

गोव्यात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. येथे घरोघरी दुचाकी आहे. सकाळी स्कूटरवरून दंतचिकित्सालयात जावे, तासाभरात काम उरकावे आणि त्याच स्कूटरवरून कामावर रुजू व्हावे, ही रीत अंगवळणी पडली आहे. हिरडीत दिलेल्या साध्या इंजेक्शनापुरती ती बहुधा निभावूनही जाते. पण अक्कलदाढेची शस्त्रक्रिया गुंगीच्या औषधाखाली झाली असेल, किंवा लहान मुलाचे अनेक किडलेले दात पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत दुरुस्त केले असतील, तर गोष्ट बदलते. रुग्णालयात दाखल न होता त्याच दिवशी घरी परतण्याच्या या उपचारात अखेरची देखरेख डॉक्टरांच्या हातून कुटुंबीयांच्या हाती येते. म्हणून कोणते औषध दिले गेले आणि ते शरीरातून कसे उतरते, हे कुटुंबीयांनाही ठाऊक असायला हवे.

सावरण्याच्या तीन पायऱ्या

भूल उतरणे ही एकच घटना नाही. तिच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली पायरी जाग येण्याची. रुग्ण डोळे उघडतो, हाक मारल्यावर ओ देतो, स्वतःचे नाव सांगतो. दुसरी पायरी घरी जाण्याजोगे होण्याची. रुग्णाला आधार न घेता उभे राहता येते, चक्कर येत नाही, मळमळ आटोक्यात असते, रक्तस्राव थांबलेला असतो. तिसरी पायरी पूर्वपदावर येण्याची. स्मरणशक्ती, तोल, निर्णयक्षमता आणि प्रसंगावधान आदल्या दिवसासारखे होते.

पहिली पायरी काही मिनिटांत गाठता येते, दुसरीला तास-दोन तास लागू शकतात आणि तिसरी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उजाडते. गोंधळ होतो तो येथेच. रुग्ण बोलू लागला, हसला, फोनवर घरच्यांशी नीट बोलला, की तो बरा झाला असे सर्वांना वाटते. खुद्द रुग्णालाही तसेच वाटते, कारण स्वतःची गुंगी ओळखण्याची शक्तीच गुंगीने मंदावलेली असते. एखादे औषध लवकर उतरते असे म्हणताना ते या तिन्हींपैकी कोणत्या पायरीविषयी आहे, हे आधी विचारले पाहिजे.

दंतवैद्यकातून जन्मलेली भूल

भूल आणि दात यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरी १० डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड म्हणजे ‘हसवणाऱ्या वायू’चा करमणुकीचा प्रयोग पाहिला. त्या वायूच्या अमलाखाली एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला वेदना जाणवली नाही, हे वेल्स यांच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो वायू हुंगून स्वतःचा दात सहकाऱ्याकडून काढून घेतला. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन या आणखी एका दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले.

ईथरची भूल खोल आणि खात्रीची होती, पण ती सावकाश उतरे आणि नंतर उलट्यांचा त्रास होई. दात काढून लगेच घरी जाणाऱ्या माणसाला ती सोयीची नव्हती. १८६३ नंतर नायट्रस ऑक्साइड दंतवैद्यकात पुन्हा रुजला, त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे रुग्ण थोड्याच मिनिटांत सावरत असे. औषध निवडताना ते किती चांगले झोपवते याइतकेच ते किती सुखाने उठवते याचा विचार दंतोपचारात तेव्हापासून होत आला आहे.

इंजेक्शनची भूल: डोके ताजे, ओठ बधिर

बहुसंख्य दंतोपचार आजही स्थानिक भुलीखाली होतात. तिच्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे जाऊ नये, एवढेच काम हे औषध करते. त्यामुळे येथे प्रश्न शुद्धीचा नसून बधिरपणाचा आहे, आणि औषधागणिक त्याचा काळ बदलतो.

भारतात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमधील निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. दंतवैद्यकात त्यात अल्प प्रमाणात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि औषध जागच्या जागी अधिक वेळ टिकते. २ टक्के लिग्नोकेन नुसते दिले तर दाताच्या आतील भाग जेमतेम पाच-दहा मिनिटे बधिर राहतो. अ‍ॅड्रिनॅलिनसह दिले तर साधारण तासभर. ओठ, गाल आणि जीभ मात्र तीन ते पाच तास जड राहतात.

हृदयविकार किंवा अन्य कारणाने अ‍ॅड्रिनॅलिन टाळायचे असेल, तर ३ टक्के मेपिव्हकेन उपयोगी पडते. त्याने दात वीस ते चाळीस मिनिटे आणि ओठ दोन ते तीन तास बधिर राहतात. लहानशा कामाला ते पुरेसे होते. आर्टिकेन हे औषध हाडात चांगले मुरते, म्हणून अनेक दंतवैद्य त्याला पसंती देतात. रक्तात पोहोचल्यावर त्याचे विघटन लिग्नोकेनपेक्षा कितीतरी वेगाने होते. तरीही ओठांचा बधिरपणा तीन ते सहा तास राहतो, कारण तो रक्तातील औषधावर नव्हे, तर मज्जातंतूभोवती साचलेल्या औषधावर अवलंबून असतो. ‘शरीरातून लवकर जाणारे’ औषध ‘लवकर उतरणारे’ असेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ब्युपिव्हकेन या सर्वांत दीर्घकाळ टिकते. ओठ चार ते नऊ तास, कधी त्याहूनही अधिक काळ बधिर राहू शकतात. अडकलेली अक्कलदाढ हाड कोरून काढल्यावर पहिले काही तास ठणका सर्वांत जास्त असतो. तो काळ वेदनेविना जावा म्हणून हे औषध दिले जाते. प्रौढ रुग्णाला त्याचा लाभ होतो. लहान मुलांत मात्र ते टाळले जाते आणि त्याचे कारण साधे आहे: मूल बधिर ओठ चावते. त्याला दुखत नाही, गंमत वाटते, आणि भूल उतरेपर्यंत ओठाला सुजलेली जखम झालेली असते. दंतोपचारानंतर पालकांना घाबरवून सोडणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची आहे. बधिरपणा जाईपर्यंत मुलाला खायला न देणे आणि त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवणे, हाच त्यावर उपाय. फेन्टोलामाइन नावाचे औषध रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावून ओठांचा बधिरपणा जवळपास निम्म्या वेळात घालवते. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याचा वापर अजून सर्वत्र रुळलेला नाही.

केवळ स्थानिक भुलीनंतर अंगात अशक्तपणा किंवा चक्कर नसेल, तर प्रौढ रुग्णाला एकट्याने घरी जाण्यास सहसा अडचण नसते. यापुढची औषधे मात्र थेट मेंदूवर काम करतात.

हसवणारा वायू: आला तसा गेला

नायट्रस ऑक्साइड आजही वापरात आहे, पण प्राणवायूसोबत आणि रुग्णाला जागे ठेवूनच. दंतवैद्यकातील यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ३० टक्क्यांखाली जाऊ नये अशी सोय असते. नाकावरील मुखवट्यातून श्वास घेताना रुग्णाला हलके, निवांत वाटते. दुखण्याची धार बोथट होते. दात काढण्यासाठी स्थानिक इंजेक्शन तरीही लागतेच.

सावरण्याच्या दृष्टीने या वायूशी बरोबरी करणारे दुसरे औषध क्वचितच सापडेल. तो रक्तात फारच कमी विरघळतो आणि जवळजवळ जसाच्या तसा श्वासावाटे बाहेर पडतो. काम संपल्यावर काही मिनिटे निव्वळ प्राणवायू दिला जातो आणि रुग्ण पुष्कळदा खुर्चीतून उठेपर्यंत भानावर आलेला असतो. अन्य कोणतेही गुंगीचे औषध दिले नसेल, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर प्रौढ रुग्ण एकटाही घरी जाऊ शकतो. मर्यादाही आहेत. नाक चोंदलेले असेल तर हा वायू नीट पोहोचत नाही, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो टाळतात, आणि अतिशय घाबरलेल्या किंवा मुखवटाच न लावू देणाऱ्या मुलात तो निरुपयोगी ठरतो.

मिडाझोलाम: आठवण पुसणारे औषध

घाबरट रुग्णासाठी दंतवैद्यकात मिडाझोलाम फार उपयोगी ठरले आहे. ते शिरेतून देता येते, तोंडाने देता येते आणि मुलांना नाकात फवाऱ्यानेही देता येते. शिरेतून दिल्यावर काही मिनिटांतच रुग्ण शांत होतो, सूचना पाळतो, प्रश्नांना उत्तरे देतो. पण नंतर त्याला त्यातले फारसे काही आठवत नाही. भीतीच्या दृष्टीने हा वरदहस्तच. घरी जाण्याच्या दृष्टीने मात्र तोच धोका आहे. ‘कापूस तासभर दाबून ठेवा, गुळण्या करू नका, ही गोळी जेवणानंतर घ्या’, असे डॉक्टर सांगतात, रुग्ण मान डोलावतो, आणि संध्याकाळी त्यातले काहीच त्याच्या स्मरणात नसते. म्हणून सूचना सोबत आलेल्या माणसाला, आणि शक्यतो लेखी, दिल्या गेल्या पाहिजेत.

मिडाझोलामचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण दीड ते अडीच तास लागतात. वृद्ध, स्थूल आणि यकृताचा विकार असलेल्या व्यक्तींत हा काळ लांबतो. काही औषधेही तो लांबवतात, आणि त्यांत एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके येतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या दंतरुग्णांना अशीच औषधे दिली जाण्याची शक्यता असते. दाढ सुजली म्हणून आधीच गोळ्या सुरू असतील, तर त्यांची पाकिटे दंतवैद्याला आणि भूलतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक आहे.

मिडाझोलामवर उतारा आहे. फ्लुमाझेनिल दिल्यास रुग्ण क्षणार्धात टक्क जागा होतो. पण या उताऱ्याचा प्रभाव मिडाझोलामपेक्षा आधी संपतो. उतारा ओसरला आणि मूळ औषध अजून शिल्लक असले, तर रुग्ण पुन्हा गुंगू लागतो. तोवर तो घरच्या वाटेवर असेल, तर? म्हणूनच उतारा दिलेल्या रुग्णाला लवकर सोडत नाहीत, उलट अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवतात. घाईच्या दिवशी खुर्ची मोकळी करण्यासाठी वापरण्याचे ते औषध नव्हे.

याच कुळातील रेमिमाझोलाम या नव्या औषधाला २०२० मध्ये जपान व अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीरातील विकरे त्याचे झपाट्याने विघटन करतात, त्यामुळे त्याचा अंमल मिडाझोलामपेक्षा लवकर सरतो.

प्रोपोफॉल: प्रसन्न जाग, अरुंद सीमारेषा

शिरेतून दिले जाणारे दुधासारखे पांढरे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते १९८६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले आणि त्याच दिवशी घरी पाठवायच्या शस्त्रक्रियांचे चित्र त्याने पालटून टाकले. त्याच्या शोधासाठी जॉन ग्लेन या पशुवैद्य-संशोधकाला २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

प्रोपोफॉलच्या एका मात्रेनंतर रुग्ण पाच-दहा मिनिटांत जागा होतो. या जलद जागेमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. औषध इतक्यात शरीराबाहेर पडलेले नसते. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पांगलेले असते. काम लांबले आणि औषध दीर्घकाळ चालू राहिले, तर हे कोठार भरत जाते आणि जाग यायला वेळ लागतो. प्रोपोफॉलनंतर मळमळ व उलट्या वायूंच्या भुलीपेक्षा कमी होतात आणि रुग्ण प्रसन्न मनाने उठतो. तोंडात ताजी जखम आणि पोटात थोडे गिळलेले रक्त असलेल्या रुग्णाच्या बाबतीत उलटी न होणे ही लहान गोष्ट नाही.

पण या औषधाची सीमारेषा अरुंद आहे. गुंगी आणि श्वास थांबण्याइतकी खोल भूल यांच्यात अंतर थोडे असते आणि मिडाझोलामसारखा उतारा येथे नाही. दंतोपचारात तर डॉक्टरांची साधने आणि रुग्णाचा श्वासमार्ग यांना एकाच तोंडाची वाट असते. त्यात पाणी आणि रक्त. म्हणून प्रोपोफॉल देणारी आणि केवळ श्वासावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती दात काढणाऱ्यापेक्षा वेगळी असावी, हा दंडक महत्त्वाचा आहे. ब्रिटनने तर ३१ डिसेंबर २००१ नंतर दंतोपचारासाठीची पूर्ण भूल रुग्णालयाबाहेर देणेच बंद केले. तिच्यावर आजही तेथे रुग्णालयाचे आणि अतिदक्षतेच्या सोयीचे बंधन आहे.

वायूंची भूल आणि रडत उठणारे मूल

लहान मुलांत पूर्ण भुलीसाठी सेव्होफ्लुरेन हा वायू सर्वाधिक परिचित आहे. तो उग्र नाही, त्यामुळे सुई न टोचता मुखवट्यानेच मुलाला झोपवता येते. डेस्फ्लुरेन रक्तात त्याहून कमी विरघळतो. सेव्होफ्लुरेनचा विद्राव्यतांक सुमारे ०.६५, डेस्फ्लुरेनचा सुमारे ०.४२, तर पूर्वीच्या हॅलोथेनचा सुमारे २.४. आकडा जितका लहान, तितका वायू रक्तात कमी अडकतो आणि लवकर बाहेर पडतो. त्यामुळे डेस्फ्लुरेननंतर जाग काही मिनिटे आधी येते. परंतु तो श्वासनलिकेला झोंबतो, खोकला आणतो, म्हणून मुलाला झोपवण्यासाठी वापरता येत नाही. शिवाय तो वातावरण तापवणारा प्रबळ वायू असल्याने युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले आहेत.

सेव्होफ्लुरेनचा एक परिणाम पालकांनी आधीच जाणून घ्यावा असा आहे. दोन ते पाच-सहा वर्षांची काही मुले या भुलीतून उठताना आक्रोश करतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हा वेदनेचा आक्रोश असेलच असे नाही. मेंदूचे काही भाग आधी आणि काही नंतर जागे होत असल्याची ती अवस्था मानली जाते. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ती ओसरते आणि मुलाला नंतर ती आठवतही नाही. तोंडाची बधिरता आणि रक्ताची चव यांनी मूल अधिकच गोंधळते. प्रोपोफॉलने ठेवलेल्या भुलीत हा प्रकार कमी दिसतो. वायूची भूल देऊन अखेरीस प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिनची लहान मात्रा दिल्यानेही तो कमी होतो. मोबदल्यात जाग थोडी उशिरा येते. मूल दहा मिनिटे उशिरा पण शांतपणे उठावे, की लवकर पण रडत, अशी ही निवड असते, आणि बहुतेक पालक तिचे उत्तर सहज देऊ शकतील.

डेक्समेडेटोमिडिनची गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते आणि श्वासावर तिचा परिणाम फारसा होत नाही. मात्र नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि सावरायला प्रोपोफॉलपेक्षा अधिक वेळ लागतो. केटामाइन वेदना उत्तम शमवते आणि श्वास चालू ठेवते, पण लाळ वाढवते, उलट्या होतात आणि मोठ्या माणसांना उठताना विचित्र भास होऊ शकतात. घरी जाण्याची वेळही त्यामुळे लांबते. म्हणून दंतोपचारात ते एकट्याने कमी आणि इतर औषधांच्या जोडीला अल्प मात्रेत अधिक वापरले जाते.

ज्यांना सांगता येत नाही

पूर्ण भुलीखाली दंतोपचार करून घेणाऱ्यांत केवळ लहान मुले नसतात. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुण आणि प्रौढ व्यक्तींना तोंड उघडे ठेवून तासभर खुर्चीत बसणे अशक्य असते. त्यांचे सर्व दात एकाच बैठकीत दुरुस्त करणे, हा पुष्कळदा एकमेव मार्ग उरतो.

औषधांच्या तुलनेचा खरा कस येथे लागतो. असा रुग्ण ‘मळमळते’, ‘चक्कर येते’, ‘दुखते’ असे शब्दांत सांगू शकत नाही. तो अस्वस्थ होतो, सलाईनची सुई उपटतो, उठून चालू लागतो आणि पडतो. अपस्माराच्या गोळ्या चालू असतील, तर भुलीच्या औषधांशी त्यांचा संबंध येतो. एखादी मात्रा चुकली तर झटक्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांसाठी लवकर आणि स्वच्छ उतरणारी, मळमळ न आणणारी भूल ही चैन नसून गरज आहे. तितकीच गरज असते ती उठताना ओळखीचा चेहरा समोर असण्याची. त्यामुळे आई, वडील किंवा रोजची काळजी घेणारी व्यक्ती जाग येण्याच्या वेळी जवळ असावी, अशी विनंती नातेवाईकांनी निःसंकोच करावी.

मग सर्वांत चांगले औषध कोणते?

सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. आधुनिक औषधांतील फरक पहिल्या पायरीवर, म्हणजे डोळे उघडण्याच्या वेळेत, मिनिटांत मोजता येतो. दुसऱ्या पायरीवर, घरी सोडण्याच्या वेळेपर्यंत, तो पुष्कळदा पुसट होतो. तेथे निर्णायक ठरतात त्या इतर गोष्टी: वेदना कितपत आटोक्यात आहे, उलट्या होतात का, रक्त थांबले का, काम किती वेळ चालले, आणि अफूवर्गीय वेदनाशामकांची गरज पडली का. पाच मिनिटे लवकर उठवणारा वायू दोन उलट्यांमुळे दोन तास रुग्णाला अडकवू शकतो. उलट, शस्त्रक्रियेपूर्वीच नीट दिलेले स्थानिक इंजेक्शन कोणत्याही महागड्या औषधापेक्षा घरी जाणे अधिक सुकर करते.

म्हणूनच सोडण्याचा निर्णय घड्याळाकडे पाहून घ्यायचा नसतो. त्यासाठी गुण देण्याची पद्धत आहे. आल्ड्रेट यांनी १९७० मध्ये मांडलेली गुणपद्धती हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि प्राणवायूची स्थिती तपासते. ती पहिल्या पायरीसाठी आहे. घरी सोडण्यासाठीच्या पद्धतीत नाडी व रक्तदाब, चालता येणे, मळमळ, वेदना आणि रक्तस्राव या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण असतात. दहापैकी नऊ गुण मिळाल्यावर रुग्ण घरी जाण्यास योग्य मानला जातो, आणि तोही सोबत जबाबदार माणूस असेल तरच.

घरच्यांनी काय करावे

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतलेल्या रुग्णाने पुढील २४ तास वाहन चालवू नये, यंत्रावर काम करू नये, महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये आणि मद्य घेऊ नये. फेणी असो वा बिअर, गुंगीच्या उरलेल्या औषधात मद्याची भर पडली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. घरी स्वयंपाकाच्या गॅसजवळ एकटीने काम करणे किंवा तान्ह्या बाळाची एकटीने जबाबदारी घेणे, हेही त्या दिवशी टाळावे.

दुचाकीच्या मागील आसनावरूनही अशा रुग्णाला नेऊ नये. पेंगुळलेला माणूस वळणावर तोल सावरू शकत नाही. मोटारीने नेतानाही मुलाला मांडीवर मान खाली घालून झोपू देऊ नये. हनुवटी छातीला टेकली की श्वासमार्ग अरुंद होतो. शक्य असल्यास एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मुलाकडे पाहावे. काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीला येणाऱ्यांना परतीचा प्रवास बराच लांबचा असतो. दिवाडी-चोडणच्या रहिवाशांना फेरीबोटीची वाट पाहावी लागते. अशा रुग्णांनी सकाळची वेळ मागून घ्यावी, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी घर गाठता येईल आणि काही त्रास झाल्यास डॉक्टरांशी संपर्क साधता येईल.

उपचारापूर्वीचा उपवासही सावरण्याचाच भाग आहे. साधारण नियम असा की घन आहार आणि दूध सहा तास आधी थांबवावे, तळलेले व मांसाहारी जेवण आठ तास आधी, स्तनपान चार तास आधी. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. ‘थोडीशी पेजच तर पाजली’ असे म्हणून ती गोष्ट लपवू नये. भुलीत ती पेज फुफ्फुसांत जाऊ शकते. आणि ‘उपाशी ठेवा’ म्हटल्यावर मुलाला रात्रीपासून पाण्याविना ठेवण्याचीही गरज नाही. कोरड्या पडलेल्या मुलाला नंतर मळमळ अधिक होते.

घरी आल्यावर आधी पाण्याचे घोट, मग गार किंवा कोमट पेज, असा क्रम बरा. दंतवैद्याने सांगितलेली वेदनाशामक गोळी बधिरपणा पूर्ण जाण्याआधीच घेतली, तर ठणक्याला आधीच आवर बसतो. रुग्णाला हाक मारून जागे करता येत नसेल, श्वास घोरल्यासारखा किंवा थांबत-थांबत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबूनही रक्त वाहत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी दंतवैद्याशी संपर्क साधावा.

उपचाराची तारीख ठरवतानाच काही प्रश्न विचारून ठेवावेत. भूल कोणत्या प्रकारची असेल? ती कोण देणार आणि उपचार चालू असताना श्वासाकडे कोण पाहणार? प्राणवायू व आणीबाणीची साधने तेथे आहेत का? घरी सोडण्याचे निकष कोणते? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नांची उत्तरे आपणहून देतो आणि उलट स्वतःचे प्रश्नही विचारतो: रात्री घोरणे आहे का, दमा आहे का, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कुटुंबात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?

वेल्स यांनी स्वतःचा दात काढून घेतला त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. वेदनेचा प्रश्न तेव्हापासून पुष्कळ सोपा झाला. परतीच्या वाटेची काळजी मात्र कोणतेही औषध घेऊ शकत नाही. त्या दिवशी रुग्ण कितीही ठणठणीत दिसला, तरी स्कूटरची किल्ली दुसऱ्या दिवसापर्यंत घरच्यांनी आपल्याकडे ठेवलेली बरी.